गुळगुळीत कड

बसच्या इंजिनाचं हेड दारातून आत आलं तेव्हाच थोरलीला शिसारी आली. दोघांनी दोन टोकांना धरून आणलेलं ते सहा सिलिंडरचं ओतीव धूड जमिनीवर टेकलं, आणि त्याच्या भोकाभोकातून काळा चिकट लगदा फरशीवर उतरायला लागला. तेल वेळेवर बदललं नाही की ते तेल राहत नाही, त्याची खरवड होते. या खरवडीला करपलेला, आंबूस वास होता. थोरलीने पदर नाकाला लावला नाही एवढंच, कारण कामावर ती शर्ट-पँट घालायची.

हेडं दुरुस्त करण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण किळस काही गेली नव्हती. घरात याची चेष्टा व्हायची. धाकटी बहीण म्हणायची, ताईने हॉस्पिटलात नोकरी करायला हवी होती, पेशंटसुद्धा उकळून घेतले असते. थोरलीचा चहाचा कप वेगळा, हात पुसायचं फडकं वेगळं, आणि त्या फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर ते फडकं त्याला बक्षीस. लोकांना हा नखरा वाटायचा. खरं तर तिचं सगळं कसब त्या किळसेतच होतं. बाकीचे जिथे ‘चालतंय’ म्हणून हात झटकतात, तिथे हिला मळमळायचं, आणि ती मळमळ घालवायला ती काम पुन्हा करायची.

हेड घेऊन आलेला लंबू हा त्या बसचा ड्रायव्हर. उंची दाराएवढी, बोलणं मात्र शेजारच्याला ऐकू जाणार नाही एवढं. बस मालकाची होती आणि मालक धंदा आवरत होता. इतकी वर्षं चालवलेली ती बस आता लंबूच विकत घेणार होता. घरात होतं नव्हतं ते त्याने गोळा केलं होतं, बायकोने तर माहेरचं सोनंही मोडलं होतं. अडचण एकच. बस सुरू झाली की मागून निळा धूर निघायचा, इतका की मागचे गाडीवाले खिडक्या लावून शिव्या द्यायचे. परवा धुराची तपासणी होती. हेडचं काम मालकाने करून द्यायचं, तपासणीत बस पास झाली की लंबूने कागदावर सही करायची, असं ठरलं होतं.

लंबूने हेडकडे बघितलं आणि मग थोरलीकडे.

“ताई, मला इंजिनातलं फार कळत नाही. तुम्ही म्हणालात चांगलं झालं, तर मी सही करणार. तुम्ही नाही म्हणालात तर नाही.”

थोरलीला असलं ओझं अंगावर घ्यायला आवडायचं नाही. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने सांगून टाकलं की माझ्या हातून गेलं तर पुन्हा धुराकडे बघायची वेळ येणार नाही. लंबूने मान डोलावली, दाराजवळ खुर्चीत बसलेल्या तिच्या बाबांना ‘येतो मिस्त्री’ म्हणत वाकून नमस्कार केला आणि गेला. बाबांना सगळेच नमस्कार करायचे. दुकान त्यांनी उभं केलेलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते मशीनवर उभे राहत नसत, पण येणारं गिऱ्हाईक आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग आत यायचं. थोरलीही दिवसातून कितीदा तरी त्यांच्याकडेच बघायची. हात कसा ठेवायचा, कटरला दाब किती द्यायचा, कुठे थांबायचं, हे सगळं तिने त्या माणसाकडून घेतलं होतं. घराण्याची इस्टेट म्हणतात ती तिच्या मते हीच होती.

गिऱ्हाइकाशी बोलणं, माल देणं-घेणं हे जावई बघायचा. धाकटीचा नवरा. स्वतःचे दोन धंदे बुडवून तो या धंद्यात आला होता आणि आता यालाही पोहायला शिकवत होता. जीभ तुपात बुडवलेली. सिगारेट ओढून झाली की थोटूक तो कुठेही चिरडायचा. एकदा ते थोरलीला धुतलेल्या व्हॉल्व्हच्या ट्रेमध्ये सापडलं होतं, आणि त्या दिवसापासून तिने त्याच्या हातून पाण्याचा ग्लासही घेतला नव्हता.

हेड धुवायला तिची सकाळ गेली. रॉकेलच्या टाकीत ते भिजवलं, पत्र्याच्या पट्टीने लगदा खरवडला, तारेचा ब्रश फिरवला. लगद्यात काय काय निघावं? झुरळाचा पाय, वितळलेलं प्लास्टिक, आणि आधी कुणीतरी बसवलेल्या सीलचे रबराचे तुकडे, चावून थुंकल्यासारखे. कुणीतरी हे बंद केलं होतं, वर झाकण लावलं होतं आणि झालं म्हणून सांगितलं होतं. त्या अनोळखी माणसाला तिने मनातल्या मनात भरपूर ऐकवलं.

काम तसं समजायला सोपं आहे. इंजिनातला व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांडीचा खिळाच. ती दांडी एका नळीत खालीवर होते, त्या नळीला गाईड म्हणतात. वरचं तेल दांडीवरून ओघळून खाली जळायला जाऊ नये म्हणून नळीच्या डोक्यावर रबराची घट्ट टोपी बसवायची, ती सील. जुन्या इंजिनात नळीचं डोकं जाड आणि खडबडीत असतं, त्यावर नवी टोपी बसत नाही. म्हणून कटर लावून ते डोकं बारीक, गोल करायचं. कटरच्या मधोमध एक सळई असते. ती नळीच्या भोकात जाते आणि कटरला सरळ धरते. सळई सरळ तर काप सरळ. नळीच आतून झिजलेली असेल तर सळई डुगडुगते, काप एका अंगाला जातो आणि टोपी तिरकी बसते. तिरकी टोपी थोडे दिवस तेल धरते, मग एका बाजूने फाटते. म्हणून काप घ्यायच्या आधी नळी तपासायची, झिजली असेल तर बदलायची. बाबांनी तिला हे शिकवलं तेव्हा ती शाळेत होती.

तिने व्हॉल्व्ह नळीत घातला आणि हलवला. टक टक वाजलं. दुसऱ्या नळीत, तिसऱ्या नळीत तेच. बाराच्या बारा नळ्या ढिल्या, म्हाताऱ्याच्या दातांसारख्या. तिने जावयाला सांगितलं की नळ्या बदलल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही.

जावयाने आधी हसून बघितलं. मग म्हणाला की मालकाने फक्त सीलचं सांगितलंय, नळ्यांचं नाही, आणि मालक विकायला काढलेल्या बाकीच्या सगळ्या बसचं काम आपल्याला द्यायचं म्हणतोय. तपासणीच्या दिवशी धूर दिसला नाही म्हणजे झालं. पुढे बस कुणाची? मालकाची नाही. त्याला कशाला त्रास?

“ज्याची होणार त्याला तर त्रास,” थोरली म्हणाली.

“ताई, तो काय रोज हेड उघडून बघणार आहे?”

हे वाक्य ऐकून तिला पुन्हा सकाळचा तो वास आल्यासारखं झालं. तिने बाबांकडे बघितलं. बाबा चष्मा पुसत होते. जावयाच्या तोंडी लागायचं नाही असं त्यांचं धोरण असावं, असं ती धरून चालली. पर्स उचलली आणि नळ्या आणायला स्वतःच बाजारात गेली. मालक पैसे देवो न देवो, तिने शब्द दिला होता.

त्या मापाच्या नळ्या सहजासहजी मिळेनात. तीन दुकानदारांनी उद्या या म्हणून सांगितलं, चौथ्याने जुन्या पेटीच्या तळाशी हात घालून काढून दिल्या. गंज नाही, आतून आरशासारख्या. त्या कागदात गुंडाळून ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती.

हेड तिच्या बाकावर सुलटं ठेवलेलं होतं. नळ्यांची बाराही डोकी चकचकत होती.

काप घेऊन झाला होता.

थोरली पुडक्यासकट तशीच उभी राहिली. मग जवळ गेली. लांबून छान दिसत होतं, असल्या गोष्टी लांबून छानच दिसतात. तिने दिवा ओढून वाकून बघितलं. नळीची भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. बाराही काप कलंडलेले. तेलाच्या भोकांत ओतीव लोखंडाचा करडा चुरा तसाच पडलेला. तिने आकडा घालून एका नळीचं भोक चाचपलं, तर आकड्याला चमचमणारं काहीतरी लागलं. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. ढिल्या नळीत सळई डुगडुगू नये म्हणून तिच्यावर कागदाचा वेढा दिलेला. कापताना सळई हलल्यासारखी वाटत नाही, हाताला सगळं घट्ट लागतं, आणि कागद एका बाजूला दाबला जाऊन काप जायचा तिकडेच जातो.

तो ओला, तेलकट कागदाचा बोळा तिने चिमट्यात धरला आणि जावयासमोर नेऊन आपटला. त्याने जन्मात कटर हातात धरला नव्हता, आणि धरला तो आज, तिच्या पाठीमागे, एका गरीब माणसाच्या हेडवर. तिने त्याला जे सुनावलं ते शेजारच्या टायरवाल्यानेही काम थांबवून ऐकलं. घाणीत लोळायचं तर स्वतःच्या घरात लोळ म्हणाली. धाकटीने याच्यात काय बघितलं हेही विचारून घेतलं.

जावई मूग गिळून बसणाऱ्यातला नव्हता, पण या वेळी तो नुसता उभा होता आणि अधूनमधून दाराकडे बघत होता. थोरलीचा दम संपला तेव्हा तो म्हणाला, “पाकीट माझं होतं, ताई. कागद मागितला म्हणून दिला.”

“कुणी मागितला?”

तो पुन्हा दाराकडे बघायला लागला. तिला ते खोटं वाटलं. काप किती वाकडा आहे ते त्याच्या नाकासमोर दाखवावं म्हणून ती हेडकडे वळली आणि नळीच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

अंगठ्याला काही लागलं नाही. ताज्या कापाची कड ब्लेडसारखी असते. टोपी बसवताना रबर चिरू नये म्हणून ती कड बारीक कानसीने मोडायची असते, आणि नुसती मोडून भागत नाही, वरून तेलाच्या दगडाचा हलका हात द्यायचा असतो, दोनदा जाताना आणि एकदा येताना. एवढं कुणी करत नाही. या बाराही कडा तशा केलेल्या होत्या, लहान मुलाने दाताने धरली तरी ओठ कापणार नाही इतक्या गुळगुळीत. जावयाला हे सात जन्मांत जमलं नसतं. थोरलीलाही अजून इतकं जमत नव्हतं.

तिने वर बघितलं. बाबा खुर्चीत होते. त्यांच्या नखांत करडा चुरा होता, आणि हात पुसायला त्यांनी तिचं फडकं घेतलं होतं.

राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिला रागाऐवजी तीच मळमळ येत होती, लगदा पाहून येते ती, आणि समोर तर बाबा होते. ती एवढंच म्हणाली, की नळ्या ढिल्या होत्या, तुम्हाला माहीत होतं.

बाबांनी अगदी शांतपणे सांगितलं. नळ्या कुणाच्या ढिल्या नसतात? सरळ हेड घेऊन इथे कोण येतं? नळ्या बदलायच्या म्हटलं की गिऱ्हाईक हेड उचलून समोरच्या दुकानात जातं. चंदेरी कागद सगळ्यात चांगला, साधा कागद तेलाने भिजून फाटतो. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू तेही तिला शिकवायचं राहून गेलं होतं.

“लोक कशाला यायचे माझ्याकडे, तुला काय वाटलं? अंगठा फिरवायचे. कड लागली नाही की खूश व्हायचे. वाकडं आहे का सरळ, ते बघायला डोळा लागतो, तो कुणाला आहे?”

“मग मला कशाला सरळ शिकवलंत?”

“तुला येत होतं म्हणून.”

दुसरं कुणी असतं तर हे ऐकून विरघळलं असतं. थोरलीला ते शब्द गिळवेनात. तिला एकेक जण आठवायला लागला. हेड घ्यायला आलेली, अंगठा फिरवून ‘वा’ म्हणणारी, बाबांना वाकून नमस्कार करून जाणारी माणसं. ती शेजारी उभी असायची आणि तिची छाती फुगायची. सकाळी लगद्यातून निघालेले ते चावून टाकल्यासारखे रबराचे तुकडे आणि त्यांचा तो अनोळखी धनी तिला आठवला. तो अनोळखी होता हे तरी कशावरून? तिने तो विचार तिथेच सोडला, कारण पुढे जायची तिची हिंमत झाली नाही.

जावयाने तेवढ्यात सील बसवायची घाई केली. रबराची टोपी कापावर दाबली, ती टपकन बसली. बघा, म्हणाला, कशी घट्ट बसली. थोरलीने ती उपटून टाकली.

त्याच वेळी लंबू दारात आला. त्याला राहवलं नव्हतं, म्हणून काम कुठवर आलं ते बघायला आला होता. बाकावरची चकचकीत डोकी बघून त्याचा चेहरा उजळला. तो जवळ आला, संकोचत हात पुढे केला आणि इंजिनातलं फार न कळणाऱ्या त्या माणसाने नेमकं तेच केलं. अंगठा फिरवला.

“वा,” तो हळूच म्हणाला. “ताई, तुमच्या हातचं ना?”

जावई हसत होता. बाबा तिच्याकडे बघत होते, नजरेत विनंती वगैरे काही नव्हतं, ती काय बोलणार हे ठाऊक असल्यासारखं स्वस्थ बघणं होतं. एक ‘हो’ म्हटलं असतं तर सगळ्यांची सोय झाली असती.

“नाही,” थोरली म्हणाली. “बाबांच्या हातचं आहे. आणि वाकडं आहे.”

तिने व्हॉल्व्ह घेतला, नळीत घातला आणि हलवून दाखवला. टक टक. नळ्या गेलेल्या आहेत, काप तिरका आहे, परवा बस पास होईल आणि थोड्याच दिवसांत पुन्हा धूर सोडेल, तेव्हा मालक तुम्ही असाल, असं तिने सरळ सांगितलं. लंबूला काही समजेना. बाप समोर बसलेला असताना मुलगी असं बोलते हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. त्याने बाबांकडे बघितलं, जसं सगळे बघायचे.

बाबा हसले. छान, थकलेलं, घरच्या कटकटीला सरावलेल्या माणसाचं हसू.

“तिचं मनावर घेऊ नका,” ते म्हणाले. “घरचं भांडण आहे. दुकान तिला स्वतःच्या नावावर हवंय, मी जावयाला हाताशी धरलं म्हणून रागावलीय. थोडं हलतंच ते, तेल गेलं की बसतं.”

दुकानाच्या नावाबद्दल थोरलीने आयुष्यात अवाक्षर काढलं नव्हतं. खोटं बोलतानाही या माणसाने कड कशी मोडून घेतली होती. कुठे बोचत नव्हतं, कुठे ओरखडा नव्हता. लंबूच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना तिने पाहिला. तो ओशाळून हसला, घराघरांत असतंच असं म्हणाला, आणि हेड उद्या न्यायला येतो म्हणून निघायला लागला. शब्दाने काही होणार नव्हतं. बाबांच्या शब्दापुढे तिचा शब्द म्हणजे फुंकर.

तिने भिंतीवरचा हातोडा घेतला, नळ्या काढायचा पोलादी ठोकणा घेतला, ठोकणा पहिल्या नळीच्या चकचकीत डोक्यावर ठेवला आणि सगळा जोर लावून घाव घातला. दणका रस्त्यापर्यंत गेला. लंबू दारात थांबला. जावई ओरडत पुढे आला, तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो होता तिथेच राहिला. तिने दुसरा घाव घातला. नळी जागची हलली नाही, तिचं डोकं तेवढं फुललं.

“वरून नको,” बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. “त्या नळ्यांना वर खांदा असतो. उलटं कर, खालून मार. हेड फुटेल.”

थोरलीचा हातोडा वरच थांबला.

लंबू दारातून परत आत आला. इंजिनातलं त्याला कळत नव्हतं, पण माणसं बसमध्ये चढवता-उतरवता त्याला माणसांचं थोडंफार कळायला लागलं होतं. नळ्या चांगल्या असत्या तर म्हातारा ‘मारू नकोस’ म्हणाला असता. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांचं हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं होतं आणि त्याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं.

“म्हणजे काढायच्याच होत्या,” लंबू म्हणाला. पुढे तो त्यांना मिस्त्री म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही. बाह्या वर करून बाकापाशी आला आणि हेडचं एक टोक त्याने धरलं.

थोरलीने दुसरं धरलं. दोघांनी मिळून ते धूड उलटं केलं. मग तिने ठोकणा खालच्या बाजूने लावला, बाबांनी सांगितलं तिथेच, कारण ते बरोबर होतं. रागाच्या भरात ती विसरली होती, ते विसरले नव्हते. तीन घावांत नळी सुटली आणि खणकन फरशीवर पडली. ती दुसऱ्या नळीकडे वळली. बाबा पाठीशी उभे राहून, खोटं बोलले त्याच आवाजात, घाव सरळ घाल म्हणून सांगत होते, आणि ती घालत होती.